पायाचं हाड जबड्यात, आणि भरती चार महिन्यांवर

पत्र थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. ते एसटीत वाहक आहेत. मुलगा 21 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे माळावर 1600 मीटर पळतो. आठ महिन्यांपूर्वी दाढी करताना त्याला डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला दिसला. दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. पुढे डावीकडची खालची दाढ हलायला लागली, ती तालुक्याला काढून घेतली. एक्स-रे काढलाच नाही. सूज तशीच राहिली. शेवटी दुसऱ्या दवाखान्यात ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, झाला, तर जबड्याच्या हाडात 'फुगेच फुगे' दिसले. तुकडा तपासायला गेला आणि बारा दिवसांनी रिपोर्ट आला: अमेलोब्लास्टोमा, फॉलिक्युलर. कॅन्सर नाही. शहरातले एक खासगी डॉक्टर म्हणाले, 'साधी गाठ आहे, खरवडून काढू, तिसऱ्या दिवशी घरी.' सरकारी दंत महाविद्यालयात सांगितलं की जबड्याचा तेवढा भाग कापून तिथे पायाचं हाड बसवावं लागेल, आठ-दहा तासांचं काम आहे. मैदानी चाचणी चार महिन्यांवर आली आहे. मेहुण्यांचं म्हणणं, गाठीला सुरी लागली की ती चिडते, तुकडा काढायलाच नको होता. पुतण्याने मोबाईलवर शोधलं तर हा आजार नडगीच्या हाडाचा निघाला. मुलाला मात्र 'दाढेच्या मुळाशी पू झालाय' एवढंच माहीत आहे. वडील विचारतात, गाठ साधी असताना एवढं मोठं ऑपरेशन कशाला? आता खरवडून घेऊ, भरती होऊ दे, परत आली तर तेव्हा बघू. यात चूक काय?

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे ओपीजी आणि रिपोर्टचे फोटोही पाहिले. आधी एक सांगून ठेवते. मी ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही. तोंडातल्या आणि जबड्यातल्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते काय आहे हे लिहून देणं, हे माझं काम. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा कुणाकडून काय करून घ्यायचं याचा निकाल मी देणार नाही. पण तुमच्या पत्रात 'साधी' हा शब्द सात वेळा आला आहे, आणि घोळ त्याच शब्दात आहे, असं मला वाटतं.

आम्ही डॉक्टर मंडळी 'साधी गाठ' म्हणतो तेव्हा फार मर्यादित गोष्ट सांगत असतो: ही गाठ रक्तातून किंवा लसिकाग्रंथींतून शरीरभर पसरणारी नाही, माणूस मारणारी नाही. बस. आहे त्या जागी ती किती नुकसान करील, एकदा काढल्यावर परत येईल का, काढायला किती कष्ट पडतील, यातलं काहीही त्या शब्दात येत नाही. घरी मात्र तो 'किरकोळ' या अर्थाने पोचतो. केबिनमध्ये 'घाबरू नका, साधी आहे' म्हणताना पुढचं वाक्य राहून जातं, हा आमचाच दोष.

तुमच्या मुलाची गाठ स्वभावाने कशी आहे ते सांगते. दात तयार होत असताना त्याचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, बनवणाऱ्या पेशी असतात. दात आला की त्यांचं काम संपतं, पण त्यांचे थोडे अवशेष जबड्यात आणि हिरडीत मागे राहतात. त्यातल्या काही वीस-तीस वर्षांनी पुन्हा वाढायला लागल्या की ही गाठ होते. काचपट्टीवर ती ओळखता येते, कारण पेशींची लहान लहान बेटं दिसतात आणि प्रत्येक बेटाच्या कडेने उंच पेशी एका रांगेत उभ्या असतात. त्यांचं केंद्रक तळाशी असायला हवं, ते वर सरकलेलं असतं. इनॅमल बनवायच्या आधी पेशी अगदी अशाच उभ्या राहतात. या मात्र इनॅमल कधीच बनवत नाहीत, नुसत्या वाढत राहतात. रिपोर्टमधला 'फॉलिक्युलर' हा शब्द या बेटांच्या रचनेचा आहे. त्याने घाबरू नका, उपचार त्यावरून फारसा ठरत नाही.

रिपोर्टला बारा दिवस लागले म्हणून तुम्ही त्रागा केला आहे. तुकड्यात हाड असलं की ते आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. नाहीतर ते कापणारं पातं खराब होतं आणि तुकड्याचा चुराही होतो. मऊ झाल्यावर ते मेणात बसवायचं, मग केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे. घाई केली तर पेशी बिघडतात. बारा दिवस रास्त आहेत.

आणि मेहुण्यांना सांगा, तुकडा काढल्याने ही गाठ चिडत नाही. त्यानंतर हिरडी चार-सहा दिवस सुजते, ती टाक्यांची सूज असते. उलट तुकडा न तपासता ऑपरेशनला हात घालणं हीच मोठी चूक ठरली असती, कारण ओपीजीवर असेच फुगे दाखवणारे जबड्याचे निदान पाच-सहा आजार आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. तुकडा काढण्याआधी डॉक्टरांनी जाड सुई घालून काही ओढून पाहिलं होतं, ते तुम्ही 'उगाच टोचलं' असं लिहिलं आहे. उगाच नव्हतं. जबड्यात क्वचित रक्तवाहिन्यांची गाठ असते, तीही एक्स-रेवर अशीच दिसते. तिथे सुरी लागली तर रक्त थांबता थांबत नाही. सुईत भळभळून रक्त आलं नाही, म्हणून त्यांनी पुढे हात घातला. माझ्या मते तो माणूस जाणता आहे.

पुतण्याचा गोंधळ मला आवडला, कारण तो अगदी खरा आहे. या गाठीला जुन्या पुस्तकांत 'अ‍ॅडमँटिनोमा' म्हणत. 1930 साली अमेलोब्लास्टोमा हे नाव सुचवलं गेलं आणि पुढे तेच रुळलं. पण जुन्या डॉक्टरांच्या तोंडी पहिलं नाव अजून आहे, तुमच्या गावच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असणार. गंमत अशी की आज अ‍ॅडमँटिनोमा म्हणून जो आजार ओळखला जातो तो वेगळाच, मुख्यतः नडगीच्या हाडात होणारा आणि कॅन्सरच्या गटातला. त्याचा तुमच्या मुलाशी काही संबंध नाही. 'जबड्याचा रोग पायात उतरलाय, म्हणून पायाचं हाड काढणार' असं तुमच्या घरी जे बोललं जातंय, ते आजच्या आज थांबवा. पायाचं हाड निरोगी आहे, म्हणून तर ते घेतात.

आता खरवडण्याविषयी.

तुमच्याकडे काळी जमीन आहे असं पत्रावरून दिसतं, म्हणजे हरळी तुम्हाला मी समजावून सांगायला नको. वरून खुरपलं की रान स्वच्छ दिसतं, आणि एक पाऊस पडला की पेराचा राहिलेला प्रत्येक तुकडा फुटतो. ही गाठ तशीच आहे. ओपीजीवर जिथे गाठीची कड दिसते तिथे ती संपलेली नसते. मऊ हाडाच्या जाळीतून तिची बारीक बेटं त्या कडेच्या पलीकडे काही मिलिमीटर शिरलेली असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेवरही दिसत नाहीत. मला दिसतात, पण हाड काढून माझ्याकडे आल्यावर. म्हणून सर्जन दिसणाऱ्या कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाड धरून काढतात. नुसतं खरवडलं तर या प्रकारच्या गाठी निम्म्याहून जास्त रुग्णांत परत आल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. नीट कड सोडून काढल्यावर हे प्रमाण खूपच खाली येतं. आणि परत येणं म्हणजे सहा महिन्यांनी असं नाही, पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही येते. एक स्लाइड मी विसरू शकत नाही. जबडा एकदा खरवडलेला, दुसऱ्यांदा खरवडलेला, आणि तिसऱ्या वेळी माझ्याकडे आला तो हाडाचा तुकडा नव्हता, गालाच्या स्नायूचा होता. बेटं तीच, रांगा त्याच. पण आता हाडाची भिंत ओलांडून मांसात गेलेली. हाडात असते तोवर सर्जनला हद्द तरी ठाऊक असते.

तेव्हा 'परत आली तर बघू' या वाक्याबद्दल माझी हरकत ही आहे की परत आलेली गाठ पहिल्यासारखी नसते. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं, जखमेच्या वणातून करावं लागतं, आणि पायाचं हाड तेव्हाही लागतंच.

मग ते खासगी डॉक्टर खोटं बोलले का? तसं मी म्हणणार नाही. याच नावाचा एक सौम्य भाऊ आहे, युनिसिस्टिक प्रकार. तो बहुधा कोवळ्या वयात होतो, पाण्याने भरलेली एकच पिशवी असते आणि गाठीच्या पेशी तिच्या अस्तरापुरत्या असतात. ती पिशवी नीट सोलून काढली, पुढे वर्षानुवर्षं एक्स-रे काढत राहिलं, तर पुष्कळदा भागतं. सोलल्यावर त्या पोकळीला औषध लावणं, गोठवणं किंवा मोठी पिशवी आधी खिडकी पाडून लहान होऊ देणं, असेही मार्ग आहेत. पण त्याच पिशवीच्या भिंतीत आत गाठीच्या पेशी घुसलेल्या निघाल्या तर तो भाऊ सौम्य राहत नाही, त्याला मोठ्या भावासारखंच वागवावं लागतं. मुलाचं वय 21 पाहून त्या डॉक्टरांना कदाचित हाच प्रकार वाटला असेल. मला मात्र तुम्ही पाठवलेल्या ओपीजीच्या फोटोत एक पिशवी दिसत नाही, साबणाच्या फेसासारखे लहानमोठे कप्पे दिसतात. शेजारच्या दाढांची मुळंही टोकाला झिजलेली दिसतात. मोबाईलवरच्या फोटोवरून मी याहून जास्त बोलू नये.

म्हणून 'ऑपरेशन मोठं की लहान' या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न आहे: ही गाठ कोणत्या प्रकारची? तो दोन्ही डॉक्टरांना समोर बसून विचारा. सीटी स्कॅन झाला का, त्यात गाठ हाडाच्या बाहेर आली आहे का, जबड्याची खालची कड किती जाड उरली आहे, हेही विचारा. 'खरवडायचं' म्हणणाऱ्यांना सरळ विचारा की ही परत यायची शक्यता तुम्ही किती धरता, आणि पुढची दहा वर्षं तपासणी कोण करणार. ज्यांना या प्रश्नाचा राग येतो त्यांच्याकडे मी माझा मुलगा नेला नसता. आणि तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा लॅबकडून मागून घ्या. दुसऱ्या मताला रिपोर्टचा कागद पुरत नाही, काचपट्टी लागते. लेखी अर्ज दिला की मिळते. फडक्यात गुंडाळून, छोट्या डब्यात घालून न्या. एसटीच्या मागच्या सीटवर ठेवू नका, हे तुम्हाला मी काय सांगणार.

गोळी, लेप, शेक याबद्दलही विचारलंत. लाईट, म्हणजे रेडिएशन, या गाठीला सहसा देत नाहीत. एकवीस वर्षांच्या मुलाला तर नाहीच. गोळीचं म्हणाल तर एक आशेची गोष्ट खरी आहे. 2014 साली कळलं की यातल्या बऱ्याच गाठींत, विशेषतः खालच्या जबड्यातल्या, बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. त्या बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या त्वचेच्या एका कॅन्सरसाठी आधीच होत्या. त्या दिल्यावर काही रुग्णांत ही गाठ आकसली. पण आकसणं म्हणजे जाणं नव्हे. सध्या हा मार्ग ऑपरेशन शक्य नसलेल्यांसाठी, किंवा ऑपरेशन लहान करता येईल का हे पाहण्यासाठी, मोठ्या केंद्रांतच वापरला जातो. मेणाच्या ठोकळ्यावर ती तपासणी करता येते, एवढं लक्षात असू द्या. लेपाबद्दल माझ्याकडे बोलायला काही नाही. हाडाच्या आतल्या गोष्टीला बाहेरून लेप कसा पोचेल?

आता पाय. खरी भीती तिथे आहे, हे पत्राच्या तिसऱ्या पानावर अक्षर बदललं तेव्हाच कळलं.

पोटरीच्या बाहेरच्या अंगाला नडगीला समांतर एक बारीक लांब हाड असतं, त्याला फिब्युला म्हणतात. शरीराचं वजन मुख्यतः नडगी पेलते, हे हाड त्यातला थोडाच भार घेतं. सर्जन त्याचा मधला भाग घेतात. घोट्याजवळचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा आणि गुडघ्याजवळचं टोक जागेवर ठेवतात, म्हणजे दोन्ही सांधे डळमळत नाहीत. हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट घेतात, दोन-तीन ठिकाणी कापून जबड्याच्या वळणात बसवतात, पट्टी आणि स्क्रूने बांधतात, आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. आठ-दहा तास त्यात जातात. या हाडाने जबडा बांधण्याची पद्धत 1989 पासून रुळलेली आहे, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा जुनी. हाड जिवंत असल्यामुळे ते तिथे जुळतं, आणि पुढे काही महिन्यांनी त्यात स्क्रूवर दात बसवता येतात.

पळता येईल का? चालणं बहुतेकांना काही आठवड्यांत जमतं आणि रोजच्या कामात फरक फारसा उरत नाही. पण काहींना घोटा आखडल्यासारखा वाटतो, अंगठ्याला पूर्वीचा जोर राहत नाही, जास्त चालल्यावर पाय भरून येतो. 1600 मीटर घड्याळ लावून पळणं ही निराळी गोष्ट आहे. तो पूर्वीच्या वेळेत पळेल असं वचन मी देणार नाही, आणि कुणी छातीठोकपणे दिलं तर विश्वास ठेवू नका. पण एक पर्याय नक्की विचारा. कापल्यानंतरची फट पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असेल आणि कातडी-मांस शाबूत असेल, तर कधीकधी कमरेच्या हाडाचा तुकडा चालतो, पायाला हात लावावा लागत नाही. तुमच्या मुलाची गाठ दाढांपासून जबड्याच्या कोपऱ्यावर वर चढलेली दिसते, त्यामुळे फट बहुधा मोठी होईल. तरी विचारायला काय जातं? दुसरा मार्ग म्हणजे आत्ता फक्त गाठ काढून धातूची पट्टी बसवायची आणि हाड पुढे कधीतरी. पट्टीवर चावून चावून ती वर्षांनी तुटते किंवा कातडीतून बाहेर येते, म्हणून तरुण माणसात ती कायमची सोय नव्हे. पण सर्जनला विचारण्याजोगी नक्की आहे.

ऑपरेशननंतरचे दिवस गोड नसतात. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला नर्स येऊन नव्या हाडाबरोबर पायावरून आणलेल्या कातडीचा रंग बघते. कधी श्वासासाठी गळ्याला तात्पुरतं छिद्र असतं, आणि जेवण नाकातल्या नळीतून. मग पेज, ताक, मुगाचं पातळ वरण. भाकरी बऱ्याच उशिरा. डाव्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बहुधा कायमची बधिर होईल, कारण ती संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते आणि हाडाबरोबर निघते. ही नस गेल्याने ओठ वाकडा होत नाही, फक्त कळत नाही. चहा हनुवटीवर ओघळला तरी त्याला आरशात बघून कळेल. नस जोडण्याची सोय काही केंद्रांत आहे, तेही विचारा.

भरतीचं काय? इथे मी तुमच्या बाजूनेही विचार करून पाहिला. ही गाठ सावकाश वाढते. चार महिन्यांत तिचा कॅन्सर होतो असं नाही. तसं होणं एकूणच फार दुर्मीळ आहे. तेव्हा 'आधी चाचणी, मग ऑपरेशन' हे अगदीच अविचाराचं नाही. सर्जन सीटी बघून म्हणाले की खालच्या कडेला पुरेसं हाड आहे, आणि तारीख आजच ठरवून लिहून दिली, तर थांबता येईल. पण मला दोन गोष्टी टोचतात. हाड कागदासारखं उरलं असेल तर सरावात पडल्यावर, एखादा कोपर लागल्यावर, जबडा तिथेच मोडू शकतो. आणि भरतीच्या तारखा. त्या किती वेळा पुढे जातात हे तुमच्या गावच्या प्रत्येक अकॅडमीतल्या पोराला पाठ आहे. चार महिन्यांचे चौदा व्हायला वेळ लागत नाही. पोरगा निवडला गेला तर प्रशिक्षण सुरू होईल, तिथे दोन महिन्यांची सुट्टी कोण देणार? तो 21 वर्षांचा आहे. खुल्या गटालाही भरतीत 28 पर्यंत वाव असतो. मी असते तर ऑपरेशन आधी उरकलं असतं आणि पुढच्या भरतीसाठी वर्षभर धरलं असतं. वैद्यकीय तपासणीत या ऑपरेशनचा काय विचार होईल, ते भरतीच्या नियमांत पाहून आणि सर्जनकडून लेखी मत घेऊन ठरवा. चहाच्या टपरीवरच्या माहितीवर नको.

पण बघा, हे सगळं मी कुणाशी बोलते आहे? तुमच्याशी. ज्याचा जबडा आहे, ज्याचा पाय आहे, ज्याची भरती आहे, तो अजून पू झालाय असं समजून रोज सकाळी पळतो आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही त्याचीच लागते. वडिलांची चालत नाही. त्या दिवशी वॉर्डात, सलाईन लावलेल्या हाताने पेन धरताना त्याला पहिल्यांदा 'पायाचं हाड' हे शब्द कळावेत, असं तुम्हालाही नको असणार. तो खचेल म्हणून लपवलंत, हे मला कळतं. पण आरशात गाल त्यालाच दिसतो, दाढ त्याचीच गेली, आणि तुमच्या पुतण्याच्या मोबाईलमधला शोध त्याच्याही मोबाईलमध्ये निघू शकतो. कोणत्या प्रकारचं ऑपरेशन, पाय की कंबर, भरती आधी की नंतर, यातला निर्णय तुमचा कमी आणि त्याचा जास्त आहे. कदाचित तो म्हणेल, पळणं सोडून दुसरी परीक्षा देईन. कदाचित म्हणेल, ही एक चाचणी देऊ द्या. दोन्हीला अर्थ आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका.

खर्चाचं तुम्ही एका ओळीत लिहून खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं. जिथे दाखवलंत त्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याला भेटा. यातलं काय योजनेत बसतं आणि काय नाही ते त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. पुढे बसवायच्या दातांचा खर्च वेगळा विचारा, तो पुष्कळदा कुणाच्याच हिशेबात नसतो. तुमच्या एसटीकडून कुटुंबाच्या वैद्यकीय खर्चाचं काय मिळतं, तेही कार्यालयात विचाराच.

तुमच्या निमित्ताने हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तरुण माणसाची न किडलेली दाढ हलायला लागली, तर ती उपटण्याआधी एक्स-रे मागा. ती दाढ पहिली खबर देत असते. जबड्यातली प्रत्येक साधी गाठ अशी हट्टी मात्र नसते. टाळूच्या मध्यावर किंवा जिभेखालच्या बाजूला वर्षानुवर्षं असलेला हाडाचा कडक उंचवटा बहुतेकदा गाठ नसतोच, त्याला हात लावायची गरज नसते. छोट्या छोट्या दातांची मोळी हाडात अडकलेली सापडते, ती काढली की विषय संपतो. मुलामुलींच्या वाढीच्या वयात हाड एका बाजूने फुगतं आणि एक्स-रेवर दुधी काचेसारखं दिसतं, तो फायब्रस डिस्प्लेसिया. तो वाढीचं वय संपता संपता बहुधा मंदावतो. मग दिसायला नको तेवढं हाड तासून घेतात, पूर्ण कापत नाहीत, आणि रेडिएशन तर कधीच देत नाहीत. 'जायंट सेल' असा रिपोर्ट आला तर चिरफाडीआधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं हॉर्मोन तपासून घ्या. कारण दोष कधीकधी जबड्यात नसून मानेतल्या त्या ग्रंथीत असतो, आणि ती दुरुस्त केली की जबडा आपोआप भरत येतो. जबड्यात हाडाच्या बऱ्याच कडक गाठी एकदम आल्या तर डॉक्टर पोटाची तपासणी का सांगतात म्हणून चिडू नका. मोठ्या आतड्यातल्या कोंबांशी (पॉलिप) त्यांचं एका आनुवंशिक आजारात नातं असतं. केराटोसिस्ट असा शब्द आला आणि इंटरनेटवर कुठे सिस्ट म्हणजे पिशवी, कुठे ट्यूमर म्हणजे गाठ दिसलं, तर तो घोळ तुमचा नाही. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तिला ट्यूमर केलं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये टाकलं. नाव काहीही असो, तीही परत येण्यात वाकबगार आहे.

दाढ काढणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांवर तुम्ही पानभर राग काढला आहे. एक्स-रे काढायला हवा होता, हे खरं. पण ती दाढ काढल्याने काही बिघडलं असं मला दिसत नाही, आणि तो राग घेऊन ऑपरेशनच्या रांगेत उभं राहणं जड जातं. भांडायचं असेल तर नंतर भांडा. आत्ता त्यांच्याकडून दाढ काढल्याची तारीख लिहून घ्या, सर्जनला उपयोगी पडेल.

शेवटी ताजा कलम लिहून तुम्ही विचारलंत, त्या बाजूला दाढी येईल ना? येईल. छेद बहुतेक मानेच्या घडीत, जबड्याखाली घेतात. गालाची कातडी तिथेच राहते आणि तिच्यातले केसही. फक्त त्याला वस्तऱ्याऐवजी ट्रिमर द्या. ओठाखाली कापलं तर त्याला कळणार नाही.